मॉनिटरचा ब्राइटनेस किती ठेवायचा? चित्र चांगलं हवं आणि वीजही कमी जायला हवी

ताईच्या फोटोंचे प्रिंट सारखे काळपट येत होते. स्क्रीनवर बघावं तर चेहरे छान उजळ, सावलीतलंही सगळं दिसतंय, आणि तेच कागदावर आलं की कोणीतरी दिवा मालवल्यासारखं. तिने दोनदा परत छापून घेतले तरी तेच. मग मला फोन, "अरे जरा येऊन बघ ना, प्रिंटवाला म्हणतो माझ्याकडे काही प्रॉब्लेम नाही." गेलो, मॉनिटरचा मेनू उघडला तर ब्राइटनेस १००. खोक्यातून काढला त्या दिवसापासून कोणी बटणाला हातच लावला नव्हता. स्क्रीनच इतका भगभगीत असल्यावर तिला प्रत्येक फोटो गरजेपेक्षा उजळ दिसणार, म्हणून एडिट करताना ती तो खाली ओढणार, आणि कागदाला काही स्वतःचा दिवा नसतो, तिथे तो अंधारातच जाणार. ब्राइटनेस ३४ वर आणला आणि पुढचे प्रिंट स्क्रीनशी जुळले. मी सोबत प्लगला लावायचा वॅट मीटर नेला होता, त्यावर आधी ३७ वॅट दिसत होते ते २१ झाले.

म्हणजे एकाच बटणाने चित्रही सुधारलं आणि वीजही वाचली. बऱ्याच जणांच्या डोक्यात असं असतं की चांगलं चित्र हवं तर वीज जाणारच, आणि वीज वाचवायची तर फिकं चित्र सोसायचं. काही ठिकाणी ते खरंही आहे, त्या जागा पुढे सांगतो, पण रोजच्या कामात जी जास्तीची वीज जाते ती बहुतेक वेळा चित्र बिघडवायलाच जाते. म्हणून काय मोजायचं, कुठलं बटण हलवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते जरा सविस्तर लिहितोय.

आधी वीज जाते कुठे ते बघू

साध्या एलसीडी मॉनिटरमध्ये (खोक्यावर एलईडी लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा तो एलसीडीच असतो) पडद्यामागे पांढऱ्या एलईडींचा दिवा सतत पेटलेला असतो, त्याला बॅकलाइट म्हणतात. पुढचे पिक्सेल स्वतः उजेड देत नाहीत, ते खिडकीच्या झडपांसारखे मागचा उजेड अडवतात किंवा सोडतात. वाटेत पोलरायझर निम्म्याहून जास्त उजेड खातो, मग लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमध्ये उरलेल्यातला साधारण दोन तृतीयांश जातो आणि शेवटी डोळ्यापर्यंत मागच्या उजेडाचे जेमतेम ५ ते १० टक्के पोचतात. पांढरं पान उघडा की काळं, दिवा तेवढाच पेटतो, काळ्या पानावर तो फक्त अडवला जातो.

एवढं कळलं की अर्धे गैरसमज आपोआप सुटतात. एलसीडीवर डार्क मोडने वीज वाचत नाही, डोळ्यांना बरं वाटत असेल तर जरूर वापरा पण विजेचा हिशोब त्यात धरू नका. स्क्रीनसेव्हरने वाचत नाही, उलट थ्रीडी हलणारा असेल तर कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड विनाकारण राबत राहतं. रात्री पडदा पिवळसर करणारं जे सेटिंग असतं त्यानेही वाचत नाही कारण ते निळ्या झडपा थोड्या मिटतं, दिवा तसाच. आणि मेनूमधलं कॉन्ट्रास्टचं बटण! लोक ब्राइटनेस सोडून कॉन्ट्रास्ट खाली करतात, स्क्रीन मंद दिसतो म्हणून वाटतं काम झालं, पण दिवा मागे पूर्ण जोरात चालू असतो आणि चित्र मात्र राखाडी, मरगळलेलं होऊन बसतं. कॉन्ट्रास्ट कंपनीने दिला तिथेच, म्हणजे बहुतेक मॉनिटरवर ५०, ७० किंवा ७५ च्या आसपास, तसाच राहू द्या. वीज कमी होते ती फक्त बॅकलाइट कमी केल्यावर, आणि मॉनिटरच्या मेनूत ते बटण बहुतेक वेळा ब्राइटनेस नावाने असतं.

ओएलईडीचं बरोबर उलटं. तिथे मागे दिवाच नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि काळा पिक्सेल म्हणजे विझलेला पिक्सेल. त्यामुळे डार्क मोडने तिथे खरोखर फरक पडतो, रात्रीचे सीन असलेला सिनेमा अगदी थोड्या विजेत चालतो. पण दिवसभर पांढऱ्या पानावर टाइप करायचं किंवा एक्सेलची शीट उघडी ठेवायची असेल तर तेवढ्याच आकाराच्या एलसीडीपेक्षा ओएलईडी जास्त वीज खाऊ शकतो, शिवाय टास्कबारसारखा एका जागी राहणारा मजकूर कायमचा उमटायची भीती असते ती वेगळीच. सिनेमा, गेम, काळ्या पार्श्वभूमीवरचं कोडिंग असं काम असेल तर ओएलईडीचं चित्र बघून मन भरतं, त्याला तोड नाही. दिवसभर कागदपत्रं बघायची असतील तर मी तरी एलसीडीच घ्यायला सांगेन.

मोजल्याशिवाय काही हलवू नका

प्लग आणि मॉनिटर यांच्या मधे लावायचा छोटा वॅट मीटर मिळतो तो एकदा आणा किंवा कोणाकडून तरी मागून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या म्हणजे दिवा स्थिर होतो, मग पूर्ण पांढरं पान उघडा आणि ब्राइटनेस १००, ७५, ५०, २५, ० असा उतरवत प्रत्येक ठिकाणचे वॅट कागदावर लिहा. माझ्या २७ इंची आयपीएस (एलसीडी पॅनेलचा एक प्रकार) मॉनिटरवर १०० ला ३४, ७५ ला २८, ५० ला २२, २५ ला १७ आणि शून्यावर ११ असं आलं. बघा, पायऱ्या जवळपास सारख्या आहेत आणि शून्यावरसुद्धा ११ उरतातच. शून्यावर दिवा पूर्ण विझत नाही, त्यात मंद बॅकलाइट, आतलं सर्किट आणि पॅनेल चालवायचा खर्च असा सगळा मिळून तो आकडा असतो. त्याच्याखाली तुम्ही काही केलं तरी जाता येत नाही, वाचवता येतं ते त्याच्यावरचं.

मोजताना एक-दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. अडॅप्टरवर १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर असं छापलेलं असतं, गुणाकार केला की ६५ वॅट येतात आणि माणूस घाबरतो, पण ती अडॅप्टरची देण्याची कमाल क्षमता आहे, मॉनिटरचा खप नाही. दुसरं म्हणजे मॉनिटर एकाच टाइप-सी केबलने लॅपटॉपला चार्जही करत असेल तर मीटरवर लॅपटॉपची वीजसुद्धा दिसते. एका मित्राने मला घाबरून आकडा पाठवला होता, मॉनिटर ९५ वॅट खातोय म्हणून, त्यातले साठेक वॅट लॅपटॉपची बॅटरी भरत होती. मोजताना ती केबल काढून साध्या एचडीएमआयवर मोजा, मॉनिटरच्या यूएसबीला लटकलेले फोन आणि हार्डडिस्कही काढा. आणि स्वस्तातल्या मीटरचा १-२ वॅटच्या खालच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, तिथे ते चुकतात.

मग हिशोब सोपा आहे. वॅट गुणिले तास भागिले १००० म्हणजे युनिट. ताईचे १६ वॅट कमी झाले, ती रोज ९ तास बसते, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४३ युनिट होतात. एका घराच्या बिलात हा डोंगर नाही हे मी आधीच सांगतो. पण ५० मॉनिटर असलेल्या ऑफिसात एकदा फिरून बटणं दाबली की हाच हिशोब २१०० युनिटच्या वर जातो आणि ज्यांना दुपारनंतर डोळे चुरचुरायचा त्रास होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बरं वाटतं. शिवाय आत गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊनच खोलीत पडतो, खोली गार करायला वीज लागत असेल तर तीही थोडी वाचते.

आता खरं काम: किती ब्राइटनेस पुरे

स्क्रीनमधून बाहेर पडणारा उजेड निट्समध्ये मोजतात. नवा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर साधारण २५० ते ३५० निट्स देतो, दुकानातल्या लख्ख दिव्यांखाली शेजारच्या मॉनिटरसमोर तो फिका पडू नये म्हणून तो तसाच जोरात ठेवलेला असतो. आता आपल्या टेबलाचं बघा. ऑफिसच्या टेबलावर लिहावाचायला ५०० लक्स (टेबलावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड चांगला धरतात, आणि एवढ्या उजेडात ठेवलेला पांढरा कागद अंदाजे १२० ते १३० निट्स इतका उजळतो. म्हणजे हातातल्या कागदाशी स्क्रीन जुळवायचा तर तुम्हाला १२० च्या आसपास पुरतात, घरी जरा कमी उजेडात बसत असाल तर ८० सुद्धा पुरतात. एसआरजीबी म्हणजे आपण रोज ज्या रंगांच्या मापात फोटो बघतो ते मानक, १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं, त्यातसुद्धा संदर्भासाठी धरलेला पडदा ८० निट्सचाच आहे.

यंत्र नसताना हे जुळवायची पद्धत अशी. जिथे जसे बसता तसेच बसा, नेहमीचे दिवे लावा. साधा छपाईचा पांढरा कागद घ्या आणि स्क्रीनच्या अगदी बाजूला, स्क्रीनच्याच रेषेत उभा धरा, टेबलावर आडवा नको कारण वरच्या दिव्याचा उजेड त्यावर वेगळा पडतो. स्क्रीनवर पांढरं रिकामं पान. आता कागदाकडे आणि स्क्रीनकडे आळीपाळीने बघत ब्राइटनेस खाली आणा. सुरुवातीला स्क्रीन खिडकीसारखा वाटेल, त्यातून उजेड आत येतोय असा, आणि एका जागी आल्यावर तो खिडकीसारखा न वाटता कागदासारखा वाटायला लागतो. तो आकडा लिहून ठेवा. लगेच मन म्हणेल की फार अंधार झाला, तिथे घाई करून परत वाढवू नका, दहा मिनिटं काम करा. डोळा सवयीने चालतो, उजेड निम्मा केला तरी त्याला तो निम्मा वाटत नाही, तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटतो, आणि दहा मिनिटांनी तर काही बदल केला होता हेच आठवत नाही. मग गंमत म्हणून परत १०० करून बघा, डोळे मिटावेसे वाटतात.

ज्यांच्याकडे मॅन्युअल सेटिंगचा कॅमेरा आहे त्यांना याहून नेमकं मोजता येतं, ताईकडे आम्ही हेच केलं. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ४, स्क्रीनवर पूर्ण पांढरं, लेन्स स्क्रीनजवळ नेऊन फोकस बिघडवलेला म्हणजे पिक्सेलची जाळी मधे येत नाही, आणि फ्रेममध्ये पांढऱ्याशिवाय काही नाही. आता कॅमेऱ्याच्या मीटरचा काटा मध्यावर यायला शटर किती लागतंय ते बघायचं. १/६० आलं तर स्क्रीन १२० निट्सच्या आसपास आहे, १/१२५ आलं तर २५०, १/३० आलं तर ६०. ताईचा १/१२५ च्या थोडा पुढेच होता. मी मेनूत एकेक पायरी खाली करत होतो, ती कॅमेऱ्यातून बघत आकडा सांगत होती, १/१०० झालं, १/८० झालं, आणि ३४ वर १/६० ला काटा मध्यावर आला. कॅमेऱ्याप्रमाणे थोडा फरक पडतो पण या कामाला पुरे.

ब्राइटनेस उतरवल्यावर एक गोष्ट मात्र तपासायचीच, काळ्याजवळच्या छटा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पट्ट्यांचं चित्र कुठेही मिळतं, ते उघडा, अगदी शेवटच्या दोन काळ्या पट्ट्या वेगळ्या दिसतायत का बघा. दिसत नसतील तर पहिल्यांदा खोलीतला उजेड बघा, मॉनिटर नाही. खिडकी पाठीमागे असेल तर ती स्क्रीनवर उमटते, काळा भाग राखाडी होतो आणि मग आपण त्या खिडकीशी भांडायला ब्राइटनेस वाढवत बसतो. टेबल असं फिरवा की खिडकी बाजूला येईल, किंवा पडदा ओढा, डोक्यावरचा दिवा स्क्रीनवर चमकत असेल तर तो सरकवा. मी स्वतः टेबल काटकोनात फिरवल्यावर दुपारचा ब्राइटनेस ७० वरून ४० वर आला आणि चित्र आधीपेक्षा जास्त खोल दिसायला लागलं. चित्र सुधारायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आणि संध्याकाळी कमी उजेडात बसत असाल तर कमी ब्राइटनेसचा एक थेट फायदा आहे. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १ असतो, म्हणजे पांढरा ३०० निट्स ठेवला तर काळा ०.३ निट्स, तो अंधारात चक्क राखाडी धुक्यासारखा दिसतो, कोपऱ्यातून उजेड गळताना दिसतो. पांढरा १०० वर आणला की काळा ०.१. गुणोत्तर तेच, पण अंधारात बसलेल्या डोळ्याला काळा काळा वाटायला लागतो.

रंगाबद्दल एक. मेनूत लाल, हिरवा, निळा असे वेगळे आकडे खाली-वर करून रंग जुळवायच्या भानगडीत पडलात तर प्रत्येक आकडा खाली केला की झडपा मिटतात, उजेड कमी होतो, आणि तो भरून काढायला बॅकलाइट वाढवावा लागतो. म्हणजे दिवा जाळून त्यावर झाकण ठेवायचं. त्यापेक्षा आधी ६५०० केल्व्हिन (पांढरा किती पिवळट की निळसर ते सांगणारं माप) किंवा एसआरजीबी नावाचं तयार सेटिंग बघा, नव्या मॉनिटरमध्ये ते बहुतेक वेळा पुरेसं बरोबर असतं. काही मॉनिटर एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेसचं बटणच बंद करून टाकतात, ते मला पटत नाही, घेण्याआधी हे विचारून घ्या.

ब्राइटनेस खूप खाली नेल्यावर डोकं दुखायला लागलं तर तो मॉनिटर बॅकलाइट भराभर चालू-बंद करून मंद करत असेल. पांढऱ्या पानासमोर पेन्सिल जोरात हलवा, सलग पुसट पट्टा न दिसता तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर तेच. अशा वेळी वीज वाचवायच्या नादात डोळ्यांना छळू नका, ब्राइटनेस थोडा वर ठेवा आणि पुढचा मॉनिटर घेताना फ्लिकर-फ्री बघून घ्या.

इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि एचडीआर

इको मोड म्हणजे बहुतेक मॉनिटरवर ब्राइटनेसला घातलेली मर्यादा, दुसरं काही नाही. तुम्ही हाताने नीट लावला असेल तर त्याची गरज नाही. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट मात्र बंदच करा, तो चित्र बघून दिवा कमी-जास्त करत राहतो, एका पांढऱ्या खिडकीवरून काळ्या खिडकीवर गेलात की पूर्ण पडदा श्वास घेतल्यासारखा हलतो, आणि फोटोच्या कामात तर तो घातकच. खोलीचा उजेड बघणारा सेन्सर असेल तर तो वेगळा प्रकार, तो चांगला चालत असेल तर मी ठेवतो.

एचडीआर, म्हणजे उजळ आणि काळ्या भागांतला फरक खूप वाढवून दाखवणारी पद्धत, ही ती जागा जिथे चित्र आणि वीज खरोखर एकमेकांविरुद्ध उभे राहतात. एचडीआरचा सगळा आनंद उजळ जागा खूप उजळ दिसण्यात आहे, सूर्य, दिव्याचा तंतू, पाण्यावरची चमक, त्याला १००० निट्सपर्यंतचे क्षण लागतात आणि ते विजेशिवाय येत नाहीत. मागे शेकडो वेगळे झोन असलेला मिनी-एलईडी मॉनिटर असेल तर जिथे हवं तिथेच दिवे जोरात लागतात, काळ्या भागातले मंदावतात, तिथे खर्च केलेली वीज डोळ्याला दिसते आणि मी ती आनंदाने देतो. पण डिस्प्ले-एचडीआर ४०० एवढंच लिहिलेला आणि वेगळे झोन नसलेला साधा मॉनिटर असेल तर एचडीआर चालू करताच पूर्ण बॅकलाइट वर जातो, काळं राखाडी होतं, डेस्कटॉप धुतल्यासारखा दिसतो आणि वॅट दीडपट होऊ शकतात. वीजही गेली आणि चित्रही गेलं. चांगल्या मॉनिटरवरसुद्धा एचडीआर सिनेमा किंवा गेमपुरतं चालू ठेवा, विंडोजमध्ये विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकदम दाबली की ते चालू-बंद होतं, मेनूत शिरायला लागत नाही.

मॉनिटर कमी खातो पण कॉम्प्युटरला जास्त खायला लावतो

हे फार कमी लोक मोजतात. मॉनिटर ६० हर्ट्झवरून (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढणं) १४४ वर नेला तर मॉनिटरचे स्वतःचे वॅट थोडेच वाढतात, पण काही ग्राफिक्स कार्डं जास्त हर्ट्झवर किंवा दोन वेगवेगळे मॉनिटर जोडल्यावर मेमरीचा वेग खाली आणतच नाहीत, आणि मग नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला तरी कार्ड २०-३० वॅट जास्त खात बसतं. म्हणजे ब्राइटनेस उतरवून जे वाचवलं ते दुसऱ्या दाराने बाहेर. वॅट मीटर कॉम्प्युटरच्या प्लगला लावा, काही न करता डेस्कटॉपवर बसा, आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये ६०, १००, १२०, १४४ असे आकडे बदलत बघा. बऱ्याचदा १२० वर कार्ड शांत असतं आणि १४४ वर एकदम उडी मारतं. टायपिंगला आणि स्क्रोलिंगला १२० आणि १४४ मधला फरक मला तरी कळत नाही. गेममध्ये तर फ्रेमवर मर्यादा घातल्यावर जो फरक पडतो तो मॉनिटरच्या पूर्ण खपापेक्षा मोठा असू शकतो, कार्ड २०० वॅट खात असताना मॉनिटरचे ५ वॅट मोजत बसण्यात अर्थ नाही.

बंद असतानाचं पटकन सांगतो. युरोपात स्टँडबायला ०.५ वॅटची मर्यादा आहे, त्या मापाचा मॉनिटर पूर्ण वर्ष स्टँडबायवर राहिला तरी साडेचार युनिटच्या आतच राहतो, त्यासाठी रोज वाकून प्लग काढायची गरज मला वाटत नाही. खरा तोटा उठून गेल्यावर चालू राहणाऱ्या स्क्रीनचा आहे. पाच मिनिटांत स्क्रीन बंद होईल असं सेटिंग करा, आणि मेनूत झटपट चालू होणे किंवा झोपेतही यूएसबी चार्जिंग असं काही असेल तर गरज नसल्यास बंद करा, त्याने झोपेतले वॅट वाढतात.

नवा घेणार असाल तर

आकाराचा हिशोब कर्णाच्या वर्गाने वाढतो. २४ वरून २७ इंचावर गेलात तर पडदा सव्वापटीहून थोडा जास्त होतो, ३२ वर गेलात तर जवळजवळ पावणेदोन पट, आणि तेवढाच उजळ दिसायला दिवाही त्याच प्रमाणात लागतो. त्यावर फोर-के असेल तर पिक्सेल फुल एचडीच्या चौपट, प्रत्येक पिक्सेलच्या कडेची तारांची जागा उजेड अडवते म्हणून बॅकलाइट आणखी जोरात लागतो. साधारण बघितलं तर २४ इंची फुल एचडी १५ ते २५ वॅट, २७ इंची फोर-के ३० ते ५०. पण इथे मी कंजुषी करायला सांगणार नाही. दिवसभर अक्षरं वाचायची असतील तर फोर-केची बारीक, कोरीव अक्षरं, त्यातही देवनागरीतल्या मात्रा, रफार आणि जोडाक्षरं, ही रोज जाणवणारी गोष्ट आहे, त्यासाठी १०-१५ वॅट जास्त गेले तर जाऊ द्यावेत. फक्त २४ पुरत असताना ३२ घेऊ नका.

एलसीडी पॅनेलचे व्हीए, आयपीएस आणि टीएन असे प्रकार असतात, त्यात व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३००० ला १ च्या घरात असतो, अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्याला तो कमी ब्राइटनेसवरही भरीव वाटतो. फोटो आणि डिझाइनला आयपीएसच, बाजूने बघितलं तरी रंग हलत नाहीत. टीएन आता मुख्यतः अगदी स्वस्तात आणि काही गेमिंग मॉनिटरमध्येच दिसतं.

लेबल वाचायची एक सोय आहे. युरोपियन लेबल १ मार्च २०२१ पासून ए ते जी असं नव्याने आलं, त्यावर १००० तासांना किती युनिट हे लिहिलेलं असतं, आणि १००० तासांचे युनिट म्हणजे आकड्याने थेट वॅटच. २४ लिहिलं असेल तर २४ वॅट. एचडीआरचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो आवर्जून बघा, कधी कधी दुप्पट असतो. अक्षरावर मात्र भुलू नका, ते पडद्याच्या क्षेत्रफळाच्या हिशोबाने दिलेलं असतं, त्यामुळे ई मिळालेला मोठा मॉनिटर एफ मिळालेल्या लहान मॉनिटरपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. ई अक्षर काय, एफ काय, आकडा बघा.

जुना मॉनिटर टाकून नवा घ्यावा का, हे बरेच जण विचारतात. मागे एलईडी असलेला चालू मॉनिटर निव्वळ विजेसाठी बदलू नका, ब्राइटनेस उतरवून जे वाचेल तेवढंच नव्याने वाचणार आणि नवा बनवायला जी वीज आणि कच्चा माल लागला तो वेगळा. पण मागे ट्यूबलाइटसारख्या बारीक सीसीएफएल नळ्या असलेला जुना असेल, चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं पिवळट मंद राहतो आणि मग उजळतो तो, तर तो ५० वॅटच्या आसपास खात असेल आणि नळ्या थकल्यामुळे चित्रही उतरलेलं असेल. ५० च्या जागी २० आले आणि वर्षाला २००० तास धरले तर ६० युनिट वाचतात, आणि चित्र तर पहिल्याच दिवशी डोळ्यांना कळतं. जुना देताना ई-कचऱ्यातच द्या, त्या नळ्यांत पारा असतो.

शेवटचं काम, हे सगळं रोज हाताने करायचा कंटाळा येतो आणि मग परत १०० वर जातं, म्हणून ब्राइटनेस कीबोर्डवर आणून ठेवा. बहुतेक मॉनिटर केबलमधूनच कॉम्प्युटरचं ऐकतात, विंडोजवर ट्विंकल ट्रे किंवा मॉनिटोरियन, मॅकवर मॉनिटर-कंट्रोल, लिनक्सवर डीडीसी-युटिल, यातलं एक टाकलं की मॉनिटरमागची ती बारीक बटणं चाचपडायला लागत नाहीत, आणि हे खऱ्या बॅकलाइटलाच हात घालतात, नुसतं चित्र काळं करत नाहीत. मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय (केबलमधून कॉम्प्युटरचं ऐकायची सोय) चालू आहे ना तेवढं बघा. ताईच्या मॉनिटरखाली आता पेन्सिलने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, प्रिंटसाठी ३४, रात्री १८.